उजव्या कडेनं

माझं सायकलचं दुकान किन्हवलीच्या बाहेर, डोळखांबकडून येणारा रस्ता वळतो तिथं आहे. चार पत्रे, एक हवेचा पंप, पंक्चर बघायला पाण्याचं घमेलं, एवढाच कारभार. माझं नाव जगन. मी तापट आहे हे पंचक्रोशीला माहीत आहे, तेव्हा ते लपवण्यात अर्थ नाही. गाडीवाल्यांवर माझा राग आहे आणि तो उतरावा असं मला कधी वाटलंही नाही.

पूर्वी हा रस्ता इतका अरुंद होता की बैलगाडी समोर आली तर एसटी थांबायची. मग तो रुंद झाला आणि पलीकडे फार्महाऊसं उठली. शनिवार-रविवार मुंबईच्या गाड्या अशा सुटतात, जणू डोंगर पळून चाललाय. डांबराचे थरावर थर चढले, पण कडेची साइडपट्टी मातीनं भरायचं कुणाला सुचलं नाही. डांबर संपलं की वीतभर खाली खड्डा. गाडीवाला मागून हॉर्न मारतो, तेव्हा सायकलवाल्यानं त्या खड्ड्यात जावं असं त्याचं म्हणणं असतं.

पाच वर्षांपूर्वी माझा चुलता धाकलूकाका दुधाचे कॅन लावून चालला होता. अगदी डाव्या कडेला चिकटून, नियमात. मागून टेम्पो आला. काकाला मान वळवायलाही सवड मिळाली नाही आणि टेम्पोवाला आजतागायत सापडलेला नाही. रस्ता उताराचा, त्यामुळे दूध वाहत पार माझ्या दुकानापर्यंत आलं होतं. त्या दिवशी माझं डोकं फिरलं ते फिरलंच.

मग मी माझं शास्त्र काढलं. माझी आई जना जन्मभर मोळ्या वाहत आलीय. डोक्यावर मोळी असली की मान वळत नाही, म्हणून मोळीवाल्या बाया नेहमी उजव्या कडेनं चालतात. समोरून येणारी गाडी दिसते, बाजूला होता येतं. आमच्याकडे हे कुणी कुणाला शिकवत नाही, चालता चालता कळतं. मला वाटलं, सायकललाही हेच बरं. आठवीत गेल्या की पाड्यावरच्या मुलींना सरकारी सायकल मिळते आणि पहिली हवा भरायला त्या माझ्याकडे येतात. हवा फुकट आणि सल्लाही फुकट. उजव्या कडेनं चालवा, मरण पाठीमागून येतं, असं मी प्रत्येकीला सांगायचो.

रविवारी शहरातले हौशी सायकलवालेही इथून जातात. घट्ट कपडे, डोक्यावर टोपरं, आणि त्यांच्या मागं पाणी-केळी घेऊन हळूहळू येणारी गाडी. एकदा त्यातल्या एकाचं चाक बसलं. ट्यूब बदलेपर्यंत त्यानं आमच्या मुली बघितल्या आणि मला समजावू लागला. सायकल डावीकडूनच चालवायची असते, समोरासमोर दोघांच्या वेगाची बेरीज होते, वळणावर गाडीवाल्याला त्या बाजूला कुणी असेल असं वाटतच नाही. माणूस चांगला होता, आवाज न चढवता सांगत होता.

मी म्हणालो, "तुमच्या मागं राखणीला गाडी असते साहेब. आमच्या पोरींच्या मागं कोन असतं?"

दुकानाच्या बाकावर बसलेले लोक हसले आणि मला केवढं तरी जिंकल्यासारखं वाटलं. आज त्या हसण्याची लाज वाटते.

रविना ही बुधूची थोरली. डोंगरालगतच्या ठाकरांच्या पाड्यावर बुधूचं घर. नाचणी, थोडा भात, हंगामात गवत कापायला जायचं. त्या पाड्यावरून दहावीपर्यंत पोचलेली ती पहिली मुलगी. आठवीत सायकल मिळाली तेव्हा बुधू तिला घेऊन दुकानात आला होता. स्वतः त्याला सायकल येत नाही. तो म्हणाला, "तू सांग तिला कसं जायाचं. तू सांगशील तसं जाईल ती." मी सांगितलं. ती तशीच गेली. अडीच वर्षं रोज सहा किलोमीटर जायची आणि तितकीच परत यायची. दुकानासमोर आली की घंटी वाजवायची.

जानेवारीतला शनिवार होता. सकाळची शाळा, थोडं धुकं. माझी आई आणि दोघी बाया मोळ्या घेऊन येत होत्या, त्यांच्या मागं सायकलवर रविना. सगळ्या उजव्या कडेनं. किन्हवलीकडून एक मोठी पांढरी गाडी वळणात शिरली. वेग खूप होता आणि चालवणाऱ्याच्या कानाला मोबाईल होता, तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. बायांनी गाडी बघितली आणि तिघी मोळ्यांसकट डांबराखाली उतरल्या. रविनाला उतरता आलं नाही. चालणारा माणूस वीतभर खाली पाय टाकतो, सायकल टाकत नाही. एवढी साधी गोष्ट, आणि पंचवीस वर्षं सायकली दुरुस्त करणाऱ्या माझ्या डोक्यात ती कधी आली नव्हती.

गाडी तिच्या स्वतःच्या बाजूनं चालली होती. रविना डावीकडे असती तर गाडी शेजारून निघून गेली असती. हे मला त्याच क्षणी कळलं. म्हणून पुढचं मी न कळता केलं असं कुणी समजू नये.

लोक तिला उचलून जीपमध्ये घालत होते. आईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. कुणाचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. मी सायकल उचलली, रस्ता ओलांडला आणि डाव्या कडेला नेऊन आडवी टाकली.

शहापूर यायच्या आत रविना गेली.

पोलीस आले. मी सांगितलं की पोरगी डावीकडून येत होती, गाडी वळण कापून तिच्या अंगावर गेली. आई परत आल्यावर तिलाही विचारलं. तिनं मोबाईलचं सांगितलं. कुठल्या कडेनं, असं विचारल्यावर तिनं माझ्याकडे बघितलं आणि मी जे सांगितलं तेच सांगितलं. त्या दोघी बायांनीही. आयुष्यात कधी खोटं न बोललेली तीन माणसं त्या सकाळी माझ्यामुळे खोटं बोलली.

गाडीच्या काचेवर कॅमेरा होता. आठ दिवसांनी पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी मला बोलावून त्यातलं चित्रण दाखवलं. वळण, तीन मोळ्या, निळा युनिफॉर्म, सगळं अगदी स्वच्छ. गाडीच्या आतलं मात्र त्यात काहीच दिसत नाही. साहेब ओरडले नाहीत. म्हणाले, "त्याच्या कानाला फोन होता हे खरं असेल. पण तुम्ही एक खोटं बोललात, आता तुमचं खरं कोण ऐकणार?" गाडीवाल्याला जामीन मिळाला. पांढरी गाडी शनिवारी पुन्हा माझ्या दुकानावरून जायला लागली.

बुधूला तोंड दाखवायची माझी हिंमत नव्हती. दहाव्याला गेलो तो मागं बसून परत आलो. उजव्या कडेचं मी सांगितलं होतं हे त्याला आठवतंय का, एवढाच विचार रात्रंदिवस डोक्यात.

मे महिन्यात तो स्वतःच आला. पोलिसांनी सोडलेली सायकल खांद्यावर, आणि बरोबर धाकटी अंजू. पुढचं चाक धरणारा चिमटा वाकलेला, त्या चाकाच्या रिमचा आठ झालेला. अंजू जूनमध्ये आठवीत जाणार, तिची सायकल यायची तेव्हा येईल, तोवर ही नीट कर, असं त्यानं सांगितलं.

मला राहवलं नाही. सगळं बोलून टाकलं. तिला मी शिकवलं, सायकल मी हलवली, गाडीवाला सुटला तो माझ्यामुळे. बोलताना मी रडत होतो. बुधू रिमवर हात फिरवत बसला होता.

"मला म्हायती हाय," तो म्हणाला. "पोलिसांनी मला इचारलं, उलट्या बाजूनं जायाला कोनी शिकवलं. मी बोललो, मीच."

"का पण, बुधूदादा?"

"तुझं नाव सांगून पोर येनार होती का?" मग त्यानं अंजूला पुढं केलं. "आता हिचं सांग. हिनं कुठल्या कडेनं जायाचं?"

"डाव्या," मी म्हणालो.

"धाकलू कुठल्या कडेनं चाललेला?"

हे बुधूनं चिडून नव्हे, खरोखर उत्तर हवं होतं म्हणून विचारलं. मग म्हणाला की ती चालतच जाईल, मोळीवाल्या बायांच्या सोबतीनं. आणि सायकल तिथंच ठेवून अंजूला घेऊन गेला.

मी ती दुरुस्त केली. नवा चिमटा, नवी रिम. दुकानात टांगून ठेवलीय. जूनपासून अंजू रोज पायी दिसायची, माझ्या आईच्या मागं, पाठीला दप्तर. गाडी आली की बायांबरोबर खाली उतरायची आणि गाडी गेली की वर यायची. पावसात तिचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलात असायचे. शाळा सुरू झाल्यावर पोचते म्हणून बाई बाहेर उभं करतात, असं एकदा आई म्हणाली. दिवाळीनंतर दप्तर दिसेनासं झालं.

मी आईला विचारलं, अंजू कुठं असते.

"आमच्यातच असते," आई म्हणाली. "तू बघत नायस काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नीट बघितलं. उजव्या कडेनं चार मोळ्या येत होत्या. शेवटची थोडी लहान होती.