बेण्याचा ढीग

हिंगोलीतली ती खासगी प्रयोगशाळा बंद पडली आणि पुनमची नोकरी गेली. धान्याचे आणि हळदीचे नमुने तपासणे हे तिचे काम होते. तिथली भाड्याची खोली सोडून ती कुरुंद्याला सासरी आली. नवरा शिवशंकर आणि सासू केशरबाई तिथे हळदीची शेती करत.

अर्ज पाठवून झाले होते, उत्तरे येत नव्हती. शेजारच्या बाया पाणी भरता भरता विचारत, अजून कुठे लागली नाहीस का. घरात बसून तो प्रश्न झेलण्यापेक्षा वावरात गेलेले बरे, म्हणून ती काढणीच्या दिवसांत रोज शेतावर जाऊ लागली. प्रयोगशाळेत तिने हजारो वाळकी हळकुंडे फोडली होती, पण ओली हळद जमिनीतून निघताना कधी पाहिली नव्हती. शिजलेली हळद काडी टोचून कशी ओळखायची, मधले जाड गड्डे आणि त्यांना फुटलेली हळकुंडे वेगळी का शिजवायची, हे सगळे ती विचारत राहिली. मजुरीला येणारी बेबीबाई एकदा म्हणाली, “वैनी, तिकडं सवाल मोजून पगार देत व्हते का?” सगळ्या हसल्या. पुनमही हसली आणि तिने पुढचा प्रश्न विचारला.

केशरबाईला बेण्याबद्दल, म्हणजे पुढच्या लागवडीसाठी राखलेल्या गड्ड्यांबद्दल, मात्र कोणी काही विचारायचे नसे. काढणीतले सगळ्यात टपोरे गड्डे ती स्वतः निवडायची आणि आंब्याच्या सावलीत ढीग घालून हळदीच्या पाल्याने झाकायची. लग्न होऊन आल्यापासून तिने बेणे कधी कोणाकडून आणले नव्हते. उलट गावातले लोक तिच्याकडून न्यायचे.

चैत्रात केशरबाई एका साखरपुड्यासाठी वसमतला गेली, त्या दुपारी पुनम ढिगाजवळ बसली. पाल्याखाली हात घातला तर आत ऊब होती. वरच्या आणि तळाच्या गड्ड्यांचा रंग सारखाच असेल का, असे तिच्या मनात आले. प्रयोगशाळेत पोत्याच्या एकाच बाजूचा नमुना चालत नसे. म्हणून तिने चारही बाजूंनी आणि मधून गड्डे काढले, विळीवर चिरले आणि उन्हात धरून पाहिले. बेणे टाकून द्यायला हात धजेना. दोन्ही फोडी जिथल्या तिथे ठेवून तिने पाला सारखा केला. उरलेला नमुना तिकडेही पोत्यात परत जायचा. वाळक्या हळकुंडाला त्याने काही होत नसे.

काही दिवसांनी, रंग बदलतो का हे पाहायला, तिने पुन्हा तसेच केले.

लागवडीच्या तोंडावर केशरबाईने पाला उचलला आणि वास आला. ढीग चारही बाजूंनी आणि मधोमध सडला होता. पाला ओला आणला होता का, असे तिने बेबीबाईला विचारले. बेबीबाईने नाही म्हणून मान हलवली. केशरबाईने चिखलासारख्या गड्ड्यांत हात घालून एक फोड बाहेर काढली आणि अंगठ्याने पुसली.

“हे कुदळीचं न्हाई,” ती म्हणाली. “विळीचं हाय.”

“मी चिरले, आत्या,” पुनम म्हणाली. “आत रंग कसा आहे ते बघायला.”

“मग परत काहून ठेवले?”

“वाया जातील म्हणून.”

केशरबाई तिथेच खाली बसली.

दिवसभर तिघींनी गड्डे निवडले. चांगले निघाले ते अर्ध्या वावरालाच पुरणार होते. बाजारातून आणतो, असे शिवशंकर म्हणाला. बाजारचे बेणे माझ्या वावरात नको, असे केशरबाईने सांगितले आणि ती गावातल्याच रुख्मिणीबाईकडे निघाली. रुख्मिणीबाईने मागे तिच्याकडूनच बेणे नेले होते. पोते धरायला पुनम सोबत होती. काय झाले, असे रुख्मिणीबाईने विचारले.

“ओल लागली,” केशरबाई म्हणाली.

त्यानंतर पुनमने काही विचारणेच सोडले. बेण्याला तर ती हातही लावत नव्हती. लागवड सुरू झाली तेव्हा ती सरीच्या टोकाला पाण्याची घागर घेऊन बसायची. सवाल सरले का, असे बेबीबाईने विचारले. या वेळी कोणी हसले नाही.

सडका माल टाकायला पुनम उकिरड्यावर गेली, तेव्हा तिला त्यात काही फोडी घट्ट सापडल्या. चिरलेल्या बाजूवर कोरडी साल धरली होती. तिने त्या वेचल्या आणि न्हाणीमागच्या ओल्या मातीत पुरल्या. शेवटची फोड हातात असताना केशरबाई मागे येऊन उभी राहिली.

“आता हे काय?”

“या सडल्या नाहीत. बाकीच्या सडल्या. काहून, ते कळंना.”

केशरबाईने फोड घेतली, नखाने साल खरवडून पाहिली.

“मला बी न्हाई कळत,” ती म्हणाली. मग फोड परत देत म्हणाली, “उगवलं तर सांग. न्हाई उगवलं तरी सांग. पर लपवू नको.”

लागवड संपली. अर्ध्या वावरात घरचे बेणे आहे, अर्ध्यात रुख्मिणीबाईकडून आणलेले. पुनम रोज सकाळी न्हाणीमागे जाते. अजून वर काही दिसत नाही. आज माती थोडी उकरून पाहावी म्हणून तिचा हात पुढे गेला. तिने तो मागे घेतला.