पट्टीवरची थरथर

सुईवाली बाई तोंडाची फटकळ, हे अख्ख्या इमारतीला माहीत होतं. तिच्या खोलीत शिरायचं तर चपला बाहेर, मोबाइल बाहेर, आणि खोकला आलाच तर तोही बाहेर. यंत्र सुरू झालं की ती लिफ्टसुद्धा बंद करायला लावायची. वरच्या मजल्यावरचे लोक जिने चढताना तिच्या नावाने खडे फोडायचे. फोडोत बापडे! तिचा एएफएम म्हणजे सूक्ष्मदर्शक खरा, पण तो बघत नाही, सुईने चाचपतो. केसाहून बारीक एक पट्टी, तिच्या पाठीवर लेसरचा ठिपका, आणि पट्टी कणभर हलली तरी पडद्यावरची रेघ उसळते. एवढं नाजूक प्रकरण सांभाळायचं तर माणूस फटकळ नाही होणार तर काय होणार?

त्या दिवशी सकाळी खोलीतला भिंतीवरचा फोन वाजला. धाकटी बहीण होती. शेजारच्या इस्पितळात, अतिदक्षता विभागात ती डॉक्टर.

"ताई, बाटली पाठवतेय. एका बाईच्या रक्तातले जंतू आहेत. साध्या औषधाने मरतात का, एवढंच सांग. एक वाजायच्या आत."

"आणि तुमची नेहमीची तपासणी?"

"तिचा रिपोर्ट उद्या सकाळी येणार. उद्यापर्यंत ती बाई राहायची नाही गं."

औषधं दोनच उरली होती. साधं लागू पडलं तर प्रश्नच मिटला. दुसरं जहाल. ते जंतूंना नक्की मारणार, पण बाईची किडनी आधीच दमलेली. औषध अंगात साचणार आणि तिचे कान जाणार, हेही जवळजवळ नक्की. "मोठे डॉक्टर म्हणतात, सरळ जहाल द्या," धाकटी म्हणाली. "तुझ्या भरवशावर मी त्यांना थोपवून धरलंय. मला तोंडघशी पाडू नकोस."

बाटली घेऊन त्या बाईचा नवराच धावत आला. इस्पितळाच्या माणसाची वाट बघण्याइतका धीर त्याच्यात नव्हता. धिप्पाड गडी, पायात जड बूट. उंबऱ्याबाहेरूनच त्याने बाटली पुढे केली.

"मॅडम, ती शिलाई मशीन दुरुस्त करते," कुणी विचारलं नसताना तो सांगायला लागला. "नुसतं चाक फिरवून ऐकते आणि सांगते, कुठला स्क्रू ढिला आहे ते. मी फक्त पाना फिरवतो. कान तिचे. ते गेले तर ती काय करेल हो?"

अशा वेळी सुईवाली खेकसायचीच. "हा फॉर्म भरा आणि बाहेर बाकावर बसा. दार वाजवायचं नाही, काही विचारायचं नाही."

तो फॉर्म घेऊन बाकाकडे गेला.

तिने जंतू पट्टीवर चिकटवले, पट्टी पाण्यात बुडवली. रेघ लगेच थरथरायला लागली. जिवंत जंतू स्वस्थ बसत नाहीत. त्यांची वळवळ पट्टीला कळते. लिफ्ट बंद, एसी बंद, फ्रिजचा प्लगसुद्धा काढलेला. बारा वाजून पाच मिनिटांनी तिने साध्या औषधाचा थेंब सोडला आणि स्टुलावर बसून राहिली. जंतू मेले तर वीस मिनिटांत रेघ सपाट व्हायला हवी.

रेघ थोडी खाली आली. आता बसेल, मग बसेल, म्हणून ती डोळ्यांत तेल घालून बघत होती. पण रेघ पुन्हा उसळली. साडेबारा वाजले. उसळतच होती. आपण काय मेलं या औषधाच्या बाजूने आस लावून बसलोय, असं म्हणून तिने स्वतःलाच दटावलं.

पावणेएकला फोन वाजला.

"हलतेय गं रेघ," ती म्हणाली. "साधं नाही लागू पडत."

"नक्की?"

"दिसतंय ते सांगतेय."

"बरं." धाकटीचा आवाज खोल गेला. "जहाल तयार करायला सांगते. दहाएक मिनिटांत लावू."

फोन ठेवून ती यंत्र बंद करायला वळली, पण हात पुढे जाईना. काहीतरी खटकत होतं. जंतूंच्या वळवळीला ना ताल ना तंत्र. ही रेघ मात्र शिस्तीत उसळत होती. तिने मोजलं. नऊ उसळ्या, जरा खंड. पुन्हा नऊ. जंतू कधी मोजूनमापून हलतात का?

लिफ्ट बंदच होती, फ्रिजही. मग तिने कान दिला. दाराबाहेर टक, टक, टक. सगळी इमारत गप्प केली होती तिने, आणि स्वतःच दाराशी बसवलेला माणूस विसरली होती! फॉर्म भरून झाल्यावर तो बाकावरून उठला होता. भिंतीपर्यंत नऊ पावलं, वळायचं, परत नऊ.

तिने धाडकन दार उघडलं. "थांबा! हलू नका!"

तो जागच्या जागी गोठला. "गेली का ती?"

"नाही हो! खाली बसा. आधी बसा!"

तो फरशीवरच बसला. उघड्या दारातून तिने पडद्याकडे पाहिलं. रेघ सपाट.

"आता उठा. चाला."

"मॅडम?"

"चाला म्हणते ना!"

नऊ पावलं, नऊ उसळ्या. बसला, सपाट. पुन्हा उठवला, पुन्हा बसवला. बाईचं डोकं फिरलंय असंच त्याला वाटलं असणार, पण बिचारा सांगितल्याबरहुकूम करत राहिला.

मग तिच्या मनात दुसरीच भीती शिरली. जंतू मेले, की पट्टीवरून निसटून वाहून गेले? तसं झालं तरी रेघ सपाटच दिसणार. तिने भिंगाखाली पट्टी पाहिली. सगळे होते तिथेच, दाटीने चिकटलेले. मेलेले. एकला सात मिनिटं कमी होती.

तिने धाकटीला फोन लावला. तिकडे तो नर्सने उचलला. "डॉक्टर पेशंटजवळ आहेत."

"बोलवा. हातातलं टाकून येऊ दे!"

"ताई, औषध लावतेय मी..."

"लावू नकोस. साधं लागू पडलंय. मी चुकले."

"आत्ता तर तू उलटं सांगितलंस! मोठे डॉक्टर समोर उभे आहेत. एक काय ते ठरव ना!"

लहानपणापासून आजवर सुईवाली धाकटीला कधी 'मी चुकले' म्हणाली नव्हती. आज तेवढ्यावर न थांबता ती पुढे बोलली. "त्यांना सांग, माझ्या बहिणीने माणसाची पावलं जंतू म्हणून मोजली. चूक माझी, लिहून देते. पण ते औषध बाजूला ठेव. तुझ्या पाया पडते."

पलीकडे धाकटी कुणाला तरी म्हणाली, "हे राहू दे. ते साधं आणा." आणि फोन बंद झाला.

बाईने दार लावून घेतलं. एकदा तोंडावर आपटल्यावर आता तिचा स्वतःवर विश्वास राहिला नव्हता. तिने नवी पट्टी घेतली, नवे जंतू चिकटवले आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. रेघ वीस मिनिटांत बसली. मग तिसरी पट्टी. तीही तशीच. जेवणाची आठवण तिला झाली नाही, आणि दुसऱ्या कशाचीही नाही.

साडेचारला फोन वाजला तेव्हा तिने तो दोन्ही हातांनी धरला.

"ताप उतरतोय," धाकटी म्हणाली आणि तिचा आवाज फाटला. "डोळे उघडलेत. कुरकुर करतेय, उशाशी कसला पंप खडखडतोय, कुणी बघत का नाही म्हणून."

सुईवाली रडली. चांगली हुंदके देऊन रडली. मग तोंड पुसून, नवऱ्याला गाठायला म्हणून तिने दार उघडलं.

तो तिथेच होता. फरशीवर, भिंतीला टेकून, दोन्ही हात मांडीखाली दाबून. तिने बसवलं होतं तसाच. उठायला कुणी सांगितलंच नव्हतं.

"मॅडम," तो अगदी हळू म्हणाला, "आता हललो तर चालेल?"

तिने खाली वाकून त्याचा दंड धरला. "उठा. जा तिच्याकडे. आणि बूट वाजवत जा. तिला ऐकू येतंय."