बुधवारची मुलगी

मणी टोचत होता. दोन्ही खांद्यांच्या मधोमध, जिथे स्वतःचा हात पोचत नाही नेमका तिथे — पाठीशी बांधलेल्या लेकीच्या मनगटातला निळा मणी, आठव्या दिवशी नाव ठेवताना सासूनं दोऱ्यात ओवलेला. अराबानं पाठ हलवली तशी ती इवली मूठ आणखीच दाबली गेली. टोचू दे. या मुलीच्या नावानं आलेली एक तरी वस्तू अजून तिच्याच हातात आहे.

मांडवाखाली शोकाच्या काळ्या-तांबड्या कपड्यांच्या रांगा भरत होत्या. शनिवारची दुपार, घानातल्या या टाकोराडीत मयताचे मांडव ठिकठिकाणी, आणि पलीकडच्या गल्लीतल्या बँडचे कर्णे वाऱ्याबरोबर इकडे घुसत होते. बँडमधला फिफी गिटार जुळवत होता. मोठ्या फोटोतून मयत झालेली मामी अजोआ हसत होती — सगळा बाजार जिला मामी म्हणे ती कापडवाली, बँडची पोशिंदी. आणि तिचं गाणं अराबानं म्हणायचं होतं.

तिचं!... ते पहिले सात दिवस. मूल उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही, नाव ठेवायचं नाही, तोवर नुसतं वाराचं नाव. बुधवारी आली म्हणून एकुआ. टाके ठणकत होते, दूध उतरत नव्हतं, आणि त्या रडारडीत चाल कुठून आली कोण जाणे — एकुआ, उंबऱ्यातच थांब गं, बाहेर ऊन आहे. बँडचा मालक, मास्टर एबो, बाळाला बघायला आला तो दारातच थबकला. "पुन्हा म्हण गं," म्हणाला. मी म्हटलं. मूर्खासारखं हसत हसत तीनदा म्हटलं. दोन महिन्यांत तबकडी निघाली, तिच्यावर रचणाऱ्याचं नाव मास्टरचं, आणि एकुआच्या जागी सोमवारची अजोआ.

"अगं, शेवटी वाराचंच नाव ना?" तो म्हणाला होता. "मामीनं नवे कर्णे दिलेत बँडला. तुझी लेक देणार होती का?"

आज मात्र ठरलं होतं. चारशे माणसांसमोर, कर्ण्यातून, एकदा तरी एकुआ. मग मास्टर बँडमधून काढून टाकील — टाकीलच — तर टाकू दे.

मामीची थोरली बहीण काठी टेकत मंचाशी आली. "पोरी, नीट म्हण हो. आमच्या आईनं रचलेलं गाणं आहे ते. अजोआ अंगावर पीत होती तेव्हाचं."

"कधी, आजी?"

"कधी म्हणजे? तू कुठली असायला तेव्हा! या कानांनी ऐकलंय मी." बाजूच्या बायका हसल्या. म्हातारीचे डोळे भरले होते. ती खोटं बोलत नव्हती, हेच वाईट होतं.

"घ्या!" फिफी तारेवर वाकून पुटपुटला. "मास्टर सुटला. आता चोर म्हणजे मामीची आई."

अराबाला हसू आलं नाही. मास्टरनं बोट उचललं, फिफीचा अंगठा चालू लागला, टिपऱ्या पडल्या — ती चाल, तिच्याच दुधाची, कोट-टाय घालून समोर उभी — आणि तिनं श्वास भरला, एकुआ, एकुआ, जिभेवर ठेवलं, तोंड उघडलं...

"अजोआ, उंबऱ्यातच थांब गं —"

कुणी ढकललं नव्हतं. सहज आलं, न अडखळता, गोड. बायका गाऊ लागल्या, रुमाल हलू लागले. पुढच्या कडव्याला... पुढच्या कडव्यालाही तेच. आणि मग, गाता गाता, तिला सकाळ आठवली: परातीत लेक, अंगाला साबण, खिडकीतून शेजारचा रेडिओ, आणि त्याच्याबरोबर आपला आवाज. काय म्हणत होते मी? आज सकाळी, काल, परवा... माझ्या लेकीला मी कोणत्या नावानं निजवते?

मास्टर मान डोलावत होता. तिनं गाण्याखाली, ओठ न हलवता, जुनं नाव चालीत बसवून पाहिलं. एकुआ. बसेना, एका मात्रेनं कुठेतरी अडत होतं, दुसऱ्याच कुणाच्या गाण्यात घुसल्यासारखं.

पाठीवरचा श्वास संथ झाला होता. गाण्यानं लेक झोपली होती. मूठ सैल सुटली, आणि मणी टोचेनासा झाला. अराबानं पाठ थोडी मागे झुकवली, आणखी थोडी झुकवली, गात राहिली, आणि तो कुठे लागतो का ते शोधत राहिली.