आडवे हसू

जिना उभा राहिला त्या संध्याकाळी मुलीने वडिलांना ग्रंथालयात मुद्दाम बोलावून घेतले. खांबाचा आधार न घेता, स्वतःभोवतीच वळत वर गेलेला लाकडी जिना. तिने एकटीने आखलेला पहिलाच. वडिलांना सारा सुतारवर्ग उस्ताद म्हणे. त्यांनी पायथ्याशी उभे राहून मान वर केली. ओठ आडवे ताणले गेले, दात दिसले. पण कोपरे जागचे हलले नाहीत. काहीतरी बोलले, ते नाकातच विरले.

"उस्तादांनी दात विचकले, ताई," तिचा कारागीर पुटपुटला.

तिने पाठ फिरवली. विचारायला जाणे तिच्या स्वभावात नव्हते. खाण तशी माती.

काही आठवड्यांनी, रात्रीच्या जेवणात, तिने पाहिले: वडील एका हाताने हनुवटी वर ढकलून घास चावत होते. डावी पापणी अर्ध्यावर उतरली होती.

"झोप आली का, बाबा?"

"झोप कसली! जबडा दमतो. सकाळी म्हणशील तर दगड चावून दाखवीन."

दुसऱ्याच दिवशी तिने त्यांना दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाईंनी वर टक लावायला सांगितले; पापणी हळूहळू खाली आली.

"आता हसा बघू."

"कशावर?"

"माझ्या अक्षरावर."

उस्ताद हसले. आडवे ओठ, उघडे दात. मुलगी खुर्चीवरून उठलीच. "हे हसू आहे?"

"हसूच आहे. ओठांचे कोपरे उचलणारे स्नायू दमलेत. नसांचा निरोप त्यांच्यापर्यंत पोचत नाही. या आजाराचं मूळ कधी कधी छातीतल्या एका ग्रंथीत असतं, म्हणून तिथे डोकवावंच लागतं."

"बाबा, म्हणजे त्या दिवशी जिन्यापाशी..."

"मग काय रडत होतो? तोंडभर हसलो. झकास म्हणालो. तू पाठ फिरवलीस, महाराणी."

छातीच्या हाडामागे, हृदयाच्या पुढ्यात थायमस नावाची ग्रंथी असते. त्या ग्रंथीत गाठ होती आणि ती बरीच पुढे गेली होती. फुफ्फुसाच्या आवरणावर तिचे दाणे विखुरले होते, आणि श्वासाचा पडदा हलवणाऱ्या डाव्या नसेला तिने विळखा घातला होता. सुईने तुकडा काढून तपासला गेला. आधी स्नायूंना बळ देणाऱ्या गोळ्या, मग गाठ आक्रसवणारी केमो. गाठ आक्रसली, विळखा सुटला नाही.

शस्त्रक्रियेपूर्वी सर्जन म्हणाले, "नस राखली तर गाठीचा अंश मागे राहील. कापली तर डाव्या बाजूचा श्वास कायमचा उणा. तुमचे स्नायू आधीच दुबळे, म्हणून निवड तुमच्यावर सोपवतोय."

उस्तादांनी मुलीकडे पाहिले. "जिना चढता येईल?"

"थांबत थांबत," सर्जन म्हणाले.

"मग कापा. वाळवी लागलेल्या लाकडावर पॉलिश मारणारा मी नव्हे."

नस कापली गेली, दिसतील तेवढे दाणे वेचले गेले, पुढे किरणे दिली गेली. गाठ परतते का, हे वर्षानुवर्षे पाहत राहावे लागणार होते. तरीही एका सकाळी उस्ताद ग्रंथालयात आले आणि मुलीच्या जिन्यावर पाऊल ठेवून चढू लागले. वळणाच्या मध्यावर श्वास संपला तेव्हा पायरीवरच बसले. मागोमाग चढणारी मुलगीही थांबली.

"दम खायला टप्पा ठेवला नाहीस, शहाणे."

"टप्प्यानं वळणाचा सूर तुटतो, असं तुम्हीच शिकवलंत."

"तेव्हा माझ्याकडे दोन्ही बाजूंचा श्वास होता गं."

बसल्या बसल्या त्यांचा तळहात कठड्याच्या अंगाखालून सरकत गेला, पुन्हा मागे आला. कितीतरी वेळ तो काहीतरी चाचपत होता.

"जोड कुठाय?"

"शोधा."

सापडला नाही. ओठांचे कोपरे वर गेले, क्षणभर पूर्ण वर. मग थकून ओघळले आणि आडव्या ओठांत दात तेवढे उरले.

खालून कारागिराने दबक्या आवाजात विचारले, "ताई, उस्तादांना अजूनही पसंत नाही का हो?"

"नीट बघ," ती तिथूनच, साऱ्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तोंडभर हसताहेत ते."