मी अंग झाडलं नाही

मित्रांनो, शिंगं बघून घाबरू नका, जवळ बसा. मी एक जुना बोकड आहे. म्हातारा बोकड तुम्ही सहसा पाहिला नसेल, कारण आम्हाला म्हातारं होऊ देण्याची लोकांत पद्धत नाही. माझ्या वयाची सगळी शेरडं केव्हाच रश्श्यात गेली. मी तेवढा राहिलो, त्याची ही हकीकत. यात थोडा मीठ-मसाला असेल, पण मटण नाही.

माझा जन्म बोरगावजवळच्या एका खेड्यात, जयाबाईच्या घरामागच्या परड्यात झाला. तेव्हा मुलखात इंग्रजाचं राज्य होतं आणि गावात प्लेगाचं. लोक माळावर झोपड्या घालून राहिले होते. जयाबाईचा नवरा नागोजी तापानं फणफणला, काखेत गाठ आली. जयाबाई गावच्या मरगाईला नवस बोलली, "माझ्या कुंकवाला राख, तुला बोकड देईन." नागोजी उठून बसला. नेमका त्याच आठवड्यात मी जन्मलो, आणि पायांवर उभा राहायच्या आधीच देवीच्या नावावर लागलो.

देवीचा म्हटल्यावर माझा थाट विचारू नका. बाभळीच्या शेंगा, शाळवाचा कडबा, जयाबाईच्या हातची भाकरी. मी असा फोफावलो, की माझी सावली पडली की कोंबड्या संध्याकाळ झाली समजून खुराड्यात शिरत. माझी दाढी पाहून निपाणीच्या बाजारात एक म्हातारा मला बुवा समजून पाया पडला होता. जन्मात मी मांसाला तोंड लावलं नाही, पण त्याबद्दल कुणी शाबासकी दिली नाही. नागोजी मात्र रोज पाठीवरून हात फिरवायचा. मला वाटे, काय ही माया! पुढं कळलं, तो हात वजनाचा अंदाज घेत होता.

नागोजीकडं बोरगावचे भीमगोंडा अण्णा येत. जैन शेतकरी माणूस. पाणी गाळून पीत, दिवस मावळला की शेंगदाणासुद्धा तोंडात टाकत नसत. मरगाईची जत्रा जवळ आली तसे ते नागोजीला समजावू लागले, की ज्या आईनं तुला वाचवलं ती दुसऱ्याच्या लेकराचं नरडं कशाला मागेल? नागोजी काही कमी नव्हता. तो म्हणाला, "आणि अण्णा, तुमच्या कुळवाखाली किडं मरत्यात, त्यांचं काय?"

अण्णांनी पटका काढून शेजारी ठेवला. मग म्हणाले, "मरत्यात, आणि त्याची मी रोज माफी मागतो. पण मी कुळव धरतो ते पेरायला. तू सुरी धरतोस ते मारायलाच."

हे एवढं सुंदर बोलणं मी ऐकत होतो, आणि ऐकता ऐकता अण्णांच्या पटक्याचा शेमला खात होतो. नवा कोरा पटका! अण्णांनी काठी उचलली. नागोजी खुशीत आला, "मारा की अण्णा. दया कुठं गेली?" अण्णांनी दात आवळून काठी खाली ठेवली. त्या दिवशी मला त्यांचा धर्म खरा वाटला.

जाताना त्यांनी एकच विचारलं, की कापायच्या आधी बोकडावर पाणी का ओतता? नागोजी म्हणाला, "त्यानं अंग झाडलं म्हंजे देवीनं पत्करलं."

"आणि न्हाय झाडलं तर?"

"झाडतंयच. न झाडणारं बोकड अजून जन्माला यायचं हाय."

मी मनात म्हटलं, आलंय.

जत्रेचा दिवस पौषातला, कडाक्याच्या थंडीचा. मला हळद लावली, गळ्यात झेंडूची माळ घातली. माळ मी खाल्ली. मागं चुलीवर मसाला परतून तयार होता. परशराम गुरवानं तांब्याभर गार पाणी माझ्या पाठीवर ओतलं आणि हलगी थांबली.

काय सांगू मित्रांनो! एक थेंब मानेवरून निघाला आणि गोगलगाईच्या चालीनं शेपटाकडं चालला. अंगावरचा केस न् केस झाड म्हणत होता. मी डोळे मिटले, दगड झालो. दुसरा तांब्या झाला, मग घागरच झाली. मी हललो नाही. लोक कुजबुजू लागले.

तेव्हा नागोजीनं कनवटीची तंबाखूची भुकटी माझ्या नाकाशी धरली. निपाणीची तंबाखू ती! मी असा शिंकलो, की चिकोडीच्या वाटेवरचे बैल जू टाकून पळाले.

नागोजी म्हणाला, "हललं. समद्यांनी बघितलं."

"हललं न्हाय, शिंकलं," गुरव म्हणाला. "देवीच्या दारात शिंक म्हंजे इघ्न. आता सुरी कोण धरतंय?"

कुणी पुढं येईना. नागोजीचा चेहरा उतरला. तो हळूच म्हणाला, "आणि माझा ताप फिरून आला तर?" तेव्हा मला कळलं, त्याला नुसती मटणाची ओढ नव्हती. माझ्याइतकाच तोही घाबरला होता.

जयाबाई पदर खोचून पुढं आली. "नवस मी बोललीया. ताप येणार आसंल तर मला यील. देवीनं बोकडाला इचारलं, त्यो न्हाय म्हणाला. उत्तर ऐकायचं नसंल तर पाणी कशाला वतायचं?"

गुरवानं हातातला तांब्या खाली ठेवला. त्यानं कोहळा मागवला, कुंकू लावून कापला. परतलेला मसाला वांग्यात गेला. वांग्यात काही राम नाही असं म्हणत नागोजीनं ढीगभर भाकरी चेपल्या.

ताप काही आला नाही, ना त्याला, ना तिला. पण वर्षभर नागोजी नुसता खोकला तरी माझ्याकडं बघायचा, आणि मी गव्हाणीमागं दडायचो. पुढच्या जत्रेत दुसऱ्यांची बोकडं आली. मी त्यांना दम धरायला शिकवलं होतं, पण थंडी वाईट असते. त्यांनी अंग झाडलं.

जयाबाईनं घरात मटण शिजवायचं सोडलं. नागोजी शेजारी जाऊन खायचा, चूळ भरायचा, मातीनं हात घासायचा आणि परड्यात यायचा. मी काही करत नसे. नुसता त्याच्याकडं बघत रवंथ करायचो. असे बरेच दिवस गेले. एकदा तो माझ्यासमोर मटकन बसला आणि म्हणाला, "आसं बघू नगंस रं. सोडलं."

मित्रांनो, पोथीतला धर्म तुम्हाला थोरामोठ्यांकडून कळेलच. मला पोथी वाचता येत नाही, मिळाली तर मी खातो. माझं मागणं लहान आहे. जेवायला बसण्याआधी एकदा परड्यात या, आणि आमच्या डोळ्याला डोळा देऊन उभे राहा. मग काय जेवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.