संत निकोलाच्या दिवशी चार्जरची तपासणी

"तपासणीला कधी येऊ?" असं कचेरीतून विचारलं, तेव्हा मी लगेच एकोणीस डिसेंबर सांगितली. आमच्या घराण्याचा संत निकोला, आणि हा त्याचा सण, आमचा स्लावा. त्या दिवशी तो घरात असतो अशी माझी श्रद्धा. मोठं काम त्याच्या डोळ्यांदेखत व्हावं, एवढंच मनात होतं.

मिलिसावनी, माझ्या नवऱ्याने, कपाळाला हात लावला. "अगं रादोयका, संताला चार्जरमधलं काय कळतं? स्लावाला अख्खं गाव आपल्या अंगणात असणार, आणि त्यात तू सरकारी माणूस बोलावलास!"

तेव्हा कुठे चूक ध्यानात आली. स्लावाला कुणाला आमंत्रण नसतं, सगळे आपणहून येतात, आणि आलेल्याला परत पाठवायचं नसतं.

मी घरीच सणाचे पाव, कोलाच, भाजते आणि विजेच्या छोट्या व्हॅनने गावोगाव पोचवते. घरच्या विजेवर भट्टी आणि व्हॅनचं चार्जिंग एकदम चालत नाही. पाव भाजले तर पोचवता येत नाहीत, अशी गत. घरगुती धंद्यांना सरकार चार्जरसाठी अनुदान देतं, म्हणून अर्ज केला. वेगळ्या जोडणीचा चार्जर भिंतीवर बसलाही. पण वर्ष संपायच्या आत तपासणी झाली नाही तर अनुदान नाही, आणि बसवणारा चार्जर उचलून नेणार. या तारखेनंतर तपासणीसाला सवड नव्हती.

तो आला तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. वेसेलिन त्याचं नाव. तरुण, नाकासमोर चालणारा. त्याने आधी चार्जर पाहिला आणि मग त्याला लावलेली निळी गाडी.

"ही तुमच्या धंद्याची गाडी?"

"नाही, आमच्या चर्चच्या फादर गावरिलोंची. आज घरोघरी जाऊन आशीर्वादाचा कोलाच कापायचाय त्यांना."

"काकू, अनुदान धंद्यासाठी आहे. तुमची व्हॅन चालेल, नाहीतर गिऱ्हाइकाची गाडी." त्याने आवाज खाली आणला. "चर्च तुमच्याकडून पाव घेतं ना? मग फादर गिऱ्हाईकच. हो म्हणा, मी लिहून मोकळा होतो."

"घेतं. पण आज ते पाहुणे आहेत. स्लावाच्या दिवशी माझ्या दारात गिऱ्हाईक नसतं."

"अगं, हो म्हणायला तुझं काय जातं?" मिलिसाव माझ्या कानाशी पुटपुटले.

"खोटं जातं ना तोंडातून."

वेसेलिनने सुस्कारा सोडला. "मग तुमची व्हॅन लावलेली दिसायला हवी."

व्हॅन पार मागच्या गोठ्यात, आणि तिच्या पुढे सगळ्या गावाच्या गाड्या. आत पाहुण्यांच्या पुढ्यात नुकतंच माशांचं सूप आलेलं. जेवणाऱ्याला मी उठवू कशी? मी एप्रनच्या टोकाशी चाळा करत उभी राहिले.

खिडकीतून शेजारचे ब्लागोये ओरडले, "काय झालं वहिनी? साहेबाला भूक लागलीय का?"

मिलिसावनी सगळं सांगून टाकलं. गळ्यातला रुमाल तसाच ठेवून फादर बाहेर आले. "माझ्या गाडीपायी रादोयकाचं अनुदान अडलं? उठा रे सगळे! संत काही रागावत नाही, सूप निवेल तेवढंच."

मग काय गोंधळ! "मागे घे!" "अरे, माझा आरसा!" "ब्लागोये, तुला आयुष्यात गाडी मागे घेता आली आहे का?" शेवटी वेसेलिनच हात हलवत मधे उभा राहिला. व्हॅन भिंतीशी आली. मी तार लावली. त्याने मला भट्टीही पेटवायला लावली. दोन्ही चालू राहिलं, घरातला एक दिवासुद्धा लुकलुकला नाही. त्याने तिथेच बॉनेटवर कागद ठेवून सही केली.

"आता बसा, जेवा," मी म्हटलं.

"नाही काकू. अर्जदाराच्या घरचं पाणीही घेता येत नाही आम्हाला."

तेवढ्यात फादर आपल्या गाडीत डोकावून बाहेर आले. "चार्जिंग अर्धवटच झालंय. पुढच्या गावापर्यंत ही पोचायची नाही."

"माझ्याबरोबर चला, सोडतो," वेसेलिन म्हणाला. फादरांची गाडी चार्जरवरून त्यानेच काढायला लावली होती ना.

मिलिसाव हसले. "बाळा, तिथेही स्लावाच आहे. तिथला कुणी अर्जदार नाही. तिथे कोणता नियम सांगशील?"

वेसेलिन किल्ली हातात घेऊन थबकला. त्याने हळूच मला विचारलं, "जेवायला काय असतं तिथे?"

"भाजलेला कार्प मासा," मी म्हणाले. "आणि कोलाच माझ्या भट्टीतला."