पाठवणाऱ्याचा पत्ता

आमच्या देवस्थानचा अंगारा दर वैशाखात टपालाने जातो. कुळातली सातशे घरं, सातशे पाकिटं आणि पत्ते लिहिणारा मी एकटा. २००३ साली माझा हात इतका कापायला लागला की पोस्टमास्तर म्हणाले, "आप्पा, हे पत्ते आहेत की मुंग्यांची वरात?" मला राग आला, पण मुंग्या दिसत होत्या खऱ्या. लेबलं छापणारा प्रिंटर घ्यायचं ठरवलं.

यज्ञेश नावाचा विक्रेता दोन प्रिंटर घेऊन रत्नागिरीच्या आमच्या कचेरीत आला. लहान प्रिंटरच्या लेबलावर नाव आणि पत्ता, बस्स. मोठ्याच्या लेबलावर खाली पाठवणाऱ्याचाही पत्ता बसत होता. मला मोठा पसंत पडला. पाकिटं चिकटवणारी कुसुम मात्र लहानावरच अडून बसली.

"लहानच घ्या हो आप्पा. देवाचा अंगारा माघारी येऊ नये म्हणतात."

हा दंडक जुना. म्हणूनच पाकिटावर आमचा पत्ता कधी नसायचा, आणि कोण गेलं, कोण राहिलं याचा आम्हाला पत्ता नसायचा. पण कुसुमचं दुखणं वेगळं होतं. तिचा नवरा आत्माराम बारा वर्षांपूर्वी मुंबईला नोकरीला गेला. लालबागच्या एका चाळीतून चार पत्रं आली आणि माणूस नाहीसा झाला. त्याच पत्त्यावर दर वर्षी अंगारा जाई. परत येत नाही म्हणजे ते घेतात, असं ती धरून चालली होती. आता दीर मागे लागले होते : बारा वर्षं झाली, गेला असं धरून दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकून टाकू. ती हो म्हणेना, नाही म्हणेना.

"कळू दे एकदाचं," मी म्हणालो. जन्मभर मास्तरकी केली. दुसऱ्याचं भलं आपल्यालाच कळतं ही खोड तिथलीच. मोठा प्रिंटर घेतला.

पंधरा दिवसांनी पाकिटं परत यायला लागली. 'मयत', 'घर सोडून गेले', असे शेरे. माघारी आलेला अंगारा मी टेबलावर रचून ठेवला. त्यात एक पाकीट आत्मारामचं होतं. दमट, हाताला गार लागणारं. शेरा होता : 'घेण्यास नकार'.

नकार द्यायला माणूस तर हवा. मी मुंबईला पुतण्याला, दीपेशला, फोन करून तिथे पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला तेव्हा कुसुम समोरच बसली होती.

"काका, ती चाळ चार वर्षांपूर्वीच पाडली. नुसतं पत्र्याचं कुंपण आहे, आत पाण्याने भरलेला खड्डा."

"मग पाकीट नाकारलं कोणी?"

"पोस्टमनला विचारलं. म्हणाला, चाळ पडल्यापासून अंगाऱ्याचं पाकीट येतं त्याच दिवशी कुंपणाशी एक माणूस उभा असतो. एरवी कधी दिसत नाही. मुकाट्याने घेऊन जातो. यंदा त्याने लेबलाची खालची ओळ वाचली, बराच वेळ वाचली, आणि पाकीट परत दिलं."

कुसुमला सांगावं की नाही, या विचारात होतो, पण ती बघतच होती. सगळं सांगितलं.

"म्हणजे घेत होते," ती म्हणाली. "नुसता अंगारा चालत होता. घरचा पत्ता दिसला आणि नको झालं."

मला स्वतःची शरम वाटली. मग ती म्हणाली, "भावोजींना कळवा, क्रिया करायची."

"अगं, पण तो जिवंत असेल तर?"

"आणि नसतील तर?"

मी पाकिटावरचा शेरा पुन्हा वाचला.

"असोत नसोत," कुसुम म्हणाली, "बारा वर्षं मी वाट बघत उभी राहिले. आता त्यांनी राहावं."

तिने पाकीट फोडलं, चिमूटभर अंगारा स्वतःच्या कपाळाला लावला आणि फोन माझ्याकडे सरकवला.